रात्रीच्या फोनसाठी निधी: आमच्या प्रकल्पाच्या नोंदी

८ सप्टेंबर

पहिली मीटिंग झाली, नऊ जण आलो. हिशोब आणि नोंदी माझ्याकडे आल्यात, तर जे झालं ते तसंच्या तसं इथे लिहीत जाईन.

एकत्र यायचं कारण सगळ्यांना माहितीये. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या घरात जे घडलं ते. त्या घरातले आवाज आम्ही कितीतरी जणांनी महिनोन्महिने ऐकले होते, मी पण ऐकले होते, आणि प्रत्येकाला वाटत राहिलं की दुसरं कोणीतरी बोलेल, किंवा त्यांच्या घरातलं भांडण आहे आपण कशाला मध्ये पडा. त्या घरातली बाई आता नाहीये. हे इथे एकदा लिहून ठेवतो, पुन्हा पुन्हा काढणार नाही.

आज ठरलं ते इतकंच की २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या सोळा दिवसांत कार्यक्रम घ्यायचे. हे सोळा दिवस १९९१ पासून जगभर पाळले जातात, २५ नोव्हेंबर हा महिलांवरच्या हिंसेविरुद्धचा दिवस आणि १० डिसेंबर मानवी हक्क दिन, म्हणजे हा हक्काचाच प्रश्न आहे हे सांगायला दोन तारखा जोडल्यात. रॅली, पोस्टर, बॅनर, सेल्फ डिफेन्सचा वर्ग असं बरंच सुचलं. जमतील ते पैसे घरातली हिंसा सोसणाऱ्या बायकांच्या मदत केंद्राला द्यायचे. कशासाठी द्यायचे हे आज कोणी विचारलंच नाही, मी पण नाही.

१५ सप्टेंबर

आम्ही तिघं केंद्रात जाऊन आलो. लहानशी जागा आहे, दोन खोल्या, एक टेबल, फोन, आणि फोनशेजारी एक जाड वही.

तिथल्या ताईंना आम्ही उत्साहाने सगळं सांगितलं, एवढी पोस्टर, एवढे कार्यक्रम, सगळीकडे तुमचा नंबर. त्यांनी ऐकून घेतलं आणि ती वही आमच्यासमोर उघडली. फोन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो. वहीत रोज सकाळी आल्यावर पहिलं काम म्हणजे रात्रीतले मिस्ड कॉल उतरवायचे, फक्त वेळ आणि तारीख. नंबर लिहीत नाहीत. १०.५२. ११.१५. ११.१७. १२.४०. पानंच्या पानं अशी. एका पानावर एकाखाली एक ११.१५, ११.१७, ११.२०, ११.३१ असं होतं, ते एकाच बाईचे आहेत की चौघींचे हे आता कोणालाच कळणार नाही.

मी विचारलं की सकाळी या नंबरांवर उलट फोन करता येत नाही का. ताई म्हणाल्या, नाही, करत नाही आम्ही. कारण सकाळी तो फोन कोणाच्या हातात असेल सांगता येत नाही. तो त्याच्या हातात असला आणि आमचा आवाज त्याला ऐकू आला तर त्या दिवशी तिचं काय होईल. तिने आपणहून सांगितलं असेल की अमुक वेळेला करा, तरच करतो.

मग त्यांनी जे विचारलं ते मी तिथेच मोबाईलमध्ये टाइप करून घेतलं: "तुम्ही आमचा नंबर सगळीकडे लावाल, दुप्पट बायका फोन करतील, आणि रात्री तो वाजून वाजून बंद होईल. तिने किती महिन्यांनी धीर केला असेल, माहितीये? पुन्हा नाही करत मग."

येताना आम्ही तिघंही गप्प होतो.

२२ सप्टेंबर

मोठी मीटिंग, थोडी वादावादी पण झाली, पण झालं ते चांगलंच. ठरलं की पैसे फक्त एकाच गोष्टीसाठी जमवायचे, रात्री आठ ते सकाळी आठ फोन उचलायला माणूस. ताईंनी एका रात्रीचा खर्च काढून दिलाय: फोनवर एक ट्रेनिंग घेतलेली ताई, अडचण आली तर सल्ल्याला एक सिनियर, फोनचा खर्च आणि सकाळी घरी सोडायला गाडी. व्हॉलंटियर का नको असं आमच्यातल्या एकाने विचारलं, त्यावर त्यांचं म्हणणं असं की रात्रभर असले फोन घेणं हे फावल्या वेळातलं काम नाही, ट्रेनिंग लागतं, स्वतःला सांभाळायला आधार लागतो, आणि पगार नसला की माणूस तीन महिन्यात गळून जातो. पटलं.

म्हणून आता आमचं मोजमाप "एक रात्र" हेच. वर्षाच्या ३६५ रात्री. देणाऱ्याला पण सांगायला सोपं, तुम्ही एक रात्र द्या, अर्धी द्या, चौघं मिळून एक द्या.

सेल्फ डिफेन्सवरून ताणलं गेलं. ज्यांनी सुचवलं होतं त्यांना वाईट वाटलं, पण मुद्दा असा आहे की आपल्या मनात हल्ला म्हटलं की अंधारातला अनोळखी माणूस येतो, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो घरातलाच, ओळखीतलाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जे आकडे दिले त्यात जगात जवळजवळ दर तीन बायकांमधल्या एकीने जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, नाहीतर इतर कोणाकडून लैंगिक हिंसा आयुष्यात कधी ना कधी सोसलेली आहे, आणि त्यातला मोठा वाटा जोडीदाराचा. त्याच्याशी रोज एका घरात राहायचंय तिथे एका दुपारी शिकलेला हात पिरगाळायचा डाव कितपत कामाला येणार. वर्ग वाईट नाही, पण आमचे पैसे आणि माणसं मोजकी आहेत.

एकाने खरा प्रश्न विचारला की जागृतीने मुळात फरक पडतो का. पडतो, पण एक दिवसाच्या कार्यक्रमाने नाही. युगांडात कम्पाला शहरात सासा नावाचं काम झालं, सासा म्हणजे स्वाहिलीत "आता". तिथे बाहेरचे वक्ते न आणता वस्तीतल्याच माणसांनी जवळजवळ तीन वर्षं शेजाऱ्यांशी बोलणं चालू ठेवलं, सत्ता कोणाकडे असते, कशी वापरली जाते यावर. २०१४ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला, ज्या वस्त्यांत हे झालं तिथे बायकांनी सांगितलेली जोडीदाराची मारहाण इतर वस्त्यांपेक्षा ५२ टक्क्यांनी कमी होती. तीन वर्षं. आमची सोळा दिवसांची तयारी त्या मानाने किती छोटी आहे ते लक्षात ठेवायला हवं.

हिशोबाचे नियम: पावतीशिवाय पैसे घ्यायचे नाहीत, डबे सीलबंद, उघडताना दोघं हजर आणि दोघांच्या सह्या, कबूल केलेली रक्कम हातात येईपर्यंत "जमा" मध्ये लिहायची नाही. छपाईचा वगैरे खर्च आम्ही नऊ जण वाटून घेणार, यावर्षी तरी.

६ ऑक्टोबर

पोस्टरचं पहिलं डिझाइन बाद झालं. मीच करून घेतलं होतं, काळानिळा डोळा, ओठावर रक्त, खाली मोठ्या अक्षरात "गप्प बसू नका". केंद्रात काम करणाऱ्या, आणि स्वतः त्यातून गेलेल्या एक बाई बघून म्हणाल्या, "हे पोस्टर मी तेव्हा बघितलं असतं तर म्हटलं असतं, हे माझ्यासाठी नाही, मला कुठे रक्त आलंय." त्यांना अकरा वर्षांत दोनदाच मार पडला होता. बाकीचा सगळा वेळ पैसे हातात न देणं, आईला फोन करू न देणं, मुलांसमोर अक्कल काढणं, रात्री झोपू न देणं. आणि "गप्प बसू नका" हे तर जणू चूक तिचीच आहे असं वाटतं, असंही त्या म्हणाल्या. खरंय.

मग त्यांनी आम्हाला ते चक्र दाखवलं. अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथ गावात १९८४ मध्ये मार सोसलेल्या बायकांशी बोलून बोलून बनवलेलं, मध्यभागी सत्ता आणि नियंत्रण, भोवती आरे: धमक्या, एकटं पाडणं, पैशाची नाडी हातात ठेवणं, मुलांचा वापर, "असं काही झालंच नाही" म्हणणं. मारहाण आणि लैंगिक हिंसा ही बाहेरची धाव, जी सगळे आरे घट्ट धरून ठेवते. नवीन पोस्टर त्यावरून केलं, चित्र नाही, नुसते साधे प्रश्न. घरी जायला पाच मिनिटं उशीर झाला तर पोटात गोळा येतो का? तुमचा पगार तुम्हाला मिळतो का? फोन वाजला की आधी कोण बघतं?

क्यूआर कोड पण काढून टाकला. स्कॅन केला की फोनच्या हिस्टरीत राहतो आणि फोन तपासला जात असेल तर तेवढं पुरतं. त्याऐवजी खाली कापलेल्या पट्ट्या, दहा पट्ट्या, फाडून न्यायच्या. पट्टीवर फक्त नंबर. संस्थेचं नाव नाही, "मदत" हा शब्द नाही, काही नाही. पर्समध्ये कोणाला सापडली तरी ती नुसती आकड्यांची चिठ्ठी. आणि लावायच्या कुठे तर बायकांच्या टॉयलेटच्या दारांना आतून, कारण तेवढीच एक जागा असते जिथे कोणी सोबत येत नाही.

१३ ऑक्टोबर

आमचं सगळ्यांचं ट्रेनिंग झालं, दिवसभर. पैसे मागायला जाणारा माणूस पण यात हवाच असा ताईंचा आग्रह होता, कारण तुम्ही हा विषय काढलात की समोरची बाई तिथेच तुम्हाला सांगायला लागू शकते, तेव्हा काय बोलाल.

काय बोलायचं ते फार थोडं आहे. मला तुझं खरं वाटतं. यात तुझी चूक नाही. तुला काय हवंय. बस. "मग सोडत का नाहीस" हे विचारायचं नाही, त्याने ती पुन्हा बंद होते, आणि दुसरं म्हणजे सोडायची वेळ हीच सगळ्यात धोक्याची असते, निघायचं ठरवलं की आणि निघाल्यावर लगेच. घाई आपण करायची नाही, तिने आणि केंद्राने मिळून ठरवायचं. त्याला जाऊन जाब विचारायचा नाही, त्याची किंमत तिला मोजावी लागते.

गळा दाबण्याबद्दल सांगितलं ते डोक्यातून जात नाहीये. जॅकलिन कॅम्पबेल नावाच्या नर्स संशोधकांनी अमेरिकेत १९८० च्या दशकात धोका ओळखायची प्रश्नावली बनवली, त्यात हा एक प्रश्न आहे, त्याने कधी गळा दाबलाय का. कारण ज्या बाईचा जोडीदाराने एकदा गळा दाबलाय तिचा पुढे त्याच्याच हातून खून व्हायचा धोका कितीतरी पटीने वाढतो, हे त्यांच्या आणि इतरांच्या अभ्यासात दिसलंय. आणि वरून खूण नसली तरी आत इजा असू शकते, डॉक्टरकडे जायलाच हवं. बायका हे सांगताना सहज सांगून जातात, "मानेला धरलं होतं जरा", आणि ऐकणारा पण तसंच सोडून देतो. आता नाही सोडणार.

अठराच्या आतल्या मुलामुलींना "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. "तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि तुला आधी सांगेन" असं म्हणायचं.

२० ऑक्टोबर

२६ दारांना कागद लावले. तीन ठिकाणी परवानगी नाही मिळाली, "आमच्याकडे असलं काही नसतं" असं म्हणाले. पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ.

२७ ऑक्टोबर

कॉलेजच्या मुलांसोबत सेशन. आमच्यातले एक रिटायर्ड सर आणि केंद्रातल्या तरुण समुपदेशक यांनी मिळून घेतलं. भाषण आधीच वीस मिनिटांवर आणलं होतं, बाकी वेळ चिठ्ठ्यांना. प्रत्येकाला कागद द्यायचा, प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच, प्रश्न नसेल तर "प्रश्न नाही" लिहायचं, म्हणजे कोण लिहितंय ते कळत नाही. डबा भरून आला.

काही चिठ्ठ्या (नाव कोणाचंच नव्हतं, आणि शब्द मी बदललेत):
तो दर तासाला लोकेशन मागतो, नाही पाठवलं तर म्हणतो तुझं प्रेमच नाही. हे नॉर्मल आहे का.
मैत्रिणीच्या अंगावर वळ बघितले, ती म्हणाली पडले, मी काय करू.
माझी गर्लफ्रेंड मला मारते, सगळे हसतील म्हणून सांगत नाही.
एकाकडे माझा फोटो आहे.

चौथी चिठ्ठी वाचून हॉल एकदम शांत झाला. मॅडमनी तिथेच सांगितलं, धमकी देणाऱ्याला पैसे किंवा आणखी फोटो अजिबात पाठवायचे नाहीत, दिले की मागणं वाढतच जातं. धमकीचे मेसेज उडवायचे नाहीत, ते पुरावा आहेत. एका मोठ्या विश्वासाच्या माणसाला सांगायचं. आणि फोटो पसरू नये म्हणून फुकट सोय आहे, अठराच्या आतल्यांसाठी टेक इट डाउन, वरच्यांसाठी स्टॉप एनसीआयआय. त्यात फोटो कुठेही अपलोड होत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक आकडी ठसा तयार होतो आणि यात सामील असलेल्या कंपन्या त्या ठशावरून तो आपल्याकडे ओळखून अडवतात. दोन्ही नावं फळ्यावर लिहिली आणि सगळ्यांनाच उतरवून घ्यायला सांगितली, म्हणजे कोण खास उतरवून घेतंय असा प्रश्नच नाही.

तिसरी चिठ्ठी वाचल्यावर मागून एक दोघं हसले. सर थांबले, आणि शांतपणे म्हणाले की ज्याने हे लिहिलं तो याच हॉलमध्ये आहे आणि त्याने आत्ता तुमचं हसणं ऐकलं. पुढे कोणी हसलं नाही. जाताना त्यांनी परत सांगितलं, तो नंबर मुलांसाठी पण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच आकड्यांत आहे की नात्यात राहिलेल्या १५ ते २४ वयाच्या दर चार मुलींमधल्या जवळजवळ एकीला जोडीदाराची हिंसा तेवढ्यातच वाट्याला येऊन गेलेली असते. मी आजवर तरुणांचं सेशन म्हणजे जोडकार्यक्रम समजत होतो. तो मुख्य कार्यक्रम आहे.

३ नोव्हेंबर

आज मन खट्टू आहे. एका मोठ्या देणगीदाराकडे गेलो होतो, नाव लिहीत नाही. ६० रात्री एकदम द्यायला तयार होते. अट एकच, कार्यक्रमात केंद्राच्या मदतीने सुटका झालेल्या दोन बायकांनी स्टेजवर येऊन आपली कहाणी सांगायची आणि चेक त्यांच्या हातात द्यायचा, फोटोसह. "लोकांना बघितल्याशिवाय पटत नाही हो," असं म्हणाले, आणि मला वाटतं ते मनापासूनच म्हणत होते.

ताईंना फोन केला. त्यांनी एका वाक्यात "नाही" म्हणून सांगितलं. ज्या बाईने मदत घेतलीये तिला स्टेजवर येशील का असं विचारणं म्हणजेच तिच्यावर दडपण, ती नाही म्हणूच शकत नाही कारण ज्यांनी आसरा दिला तेच विचारतायत. शिवाय फोटो कुठे जाईल, कोण बघेल, त्याला पत्ता लागेल. बोलायचंच असेल कोणाला तर ती वर्षांनी, स्वतःहून, स्वतःच्या अटींवर बोलते.

आम्ही त्यांना दुसरे पर्याय सांगितले, वहीतल्या वेळा मोठ्या अक्षरात लावू, ताई बोलतील. नाही म्हणाले. ६० रात्री गेल्या. मीटिंगमध्ये दोघांचं मत होतं की नुसता आवाज ऐकवू, चेहरा नको, काहीतरी मधला मार्ग काढू. मी विरोध केला आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो, पण हिशोबाची वही उघडली की ते साठ दिसतात.

१० नोव्हेंबर

हातात ६३ रात्री. अकरा जणांनी दर महिन्याला अर्धी रात्र द्यायचं कबूल केलंय, ते अजून धरलेलं नाही. सगळ्यात जास्त पैसे ओळखीच्या माणसांनी ओळखीच्या माणसांकडे जाऊन, बसून, वहीची गोष्ट सांगितल्यावर आले. व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या मेसेजवर जवळजवळ काहीच नाही.

आभाराचा मेसेज दोन दिवसांच्या आत गेलाच पाहिजे, आणि त्यात त्यांची रात्र कोणत्या तारखेची ते लिहायचं, ही कल्पना आमच्यातल्या सगळ्यात लहान मेंबरची. लोकांना ती फार आवडलीये. एका काकांनी बहिणीच्या वाढदिवसाची तारीख मागून घेतली.

दारांच्या पट्ट्या: २६ पैकी १९ कागदांवरच्या काही ना काही फाटल्यात. वाचनालयातल्या तिसऱ्या दाराच्या दहाही गेल्या.

२५ नोव्हेंबर

पहिला दिवस. सुरुवातीला मिराबाल बहिणींची गोष्ट सांगितली, पात्रिया, मिनर्व्हा, मारिया तेरेसा. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या, हुकूमशहा त्रुहियोच्या विरोधात उभ्या राहिल्या, म्हणून २५ नोव्हेंबर १९६० ला त्यांना मारून अपघाताचा देखावा केला. लॅटिन अमेरिकेतल्या बायकांनी १९८१ मध्ये हा दिवस धरला आणि १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो मान्य केला. अपघाताचा देखावा हे शब्द मी म्हणालो तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं. शेजारच्या त्या घराबद्दल पण पहिल्यांदा जिन्यावरून पडली असंच सांगितलं गेलं होतं.

बाहेर दोरी बांधून शर्टांचं प्रदर्शन सुरू केलं. ही पद्धत १९९० मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हायॅनिस गावात सुरू झाली, तेव्हा ३१ शर्ट होते. ज्या बाईला वाटेल तिने शर्टावर काय लिहायचं ते लिहायचं, रंगवायचं, आणि धुणं वाळत घालतात तसं दोरीवर लावायचं. घरातली धुणी बाहेर काढू नयेत म्हणतात ना, तीच बाहेर लावायची. नाव लिहायचं नाही. आडोशाला टेबल ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत १७ शर्ट.

एक लहान मुलाच्या मापाचा शर्ट होता, तो कोणी लावला ते कोणीच बघितलं नाही. त्यावर पेनाने बारीक अक्षरात फक्त एवढंच, "मी पलंगाखाली होतो."

हातात ९६ रात्री.

२७ नोव्हेंबर

चूक झाली आणि ती आमच्याकडूनच झाली. एका व्हॉलंटियरने शर्टांच्या दोरीचा फोटो काढून मोठ्या ग्रुपवर टाकला. मागे टेबलाशी एक बाई शर्टावर लिहिताना दिसत होती, बाजूने चेहरा. चाळीस मिनिटांनी माझ्या लक्षात आलं. लगेच काढायला लावला, ग्रुपमधल्या प्रत्येकाला वैयक्तिक मेसेज करून डिलीट करायला सांगितलं, पण चाळीस मिनिटांत किती जणांनी बघितला कोण सांगणार. व्हॉलंटियर रडत होती, तिला मी काही बोललो नाही, कारण फोटोचा नियम तोंडी होता, लिहून कुठे लावला नव्हता आणि ते काम माझं होतं.

ताईंना लगेच कळवलं. त्यांनी त्या बाईंना ओळखलं आणि त्यांच्याशी सुरक्षित वेळी बोलल्या. त्या ठीक आहेत, एवढंच मला सांगितलं, आणि मी पुढे काही विचारलं नाही.

आजपासून: दोरीपाशी फोन खिशात. फोटो एकाच माणसाने काढायचे, दोन मिनिटं सगळे बाजूला झाल्यावर, फक्त शर्टांचे. लिहून लावलंय.

१ डिसेंबर

चालण्याचा कार्यक्रम. मैदानाला फेऱ्या मारायच्या, प्रत्येक फेरीमागे ओळखीच्यांनी ठरवलेली रक्कम द्यायची. १४२ जण चालले. कबूल झाल्या ९० रात्री, हातात ५८, म्हणजे आधीच्या ९६ धरून एकूण १५४. छान झालं, उन्हाचा थोडा त्रास झाला.

मैदानाच्या कडेला मुलींनी मदतीची खूण शिकवली: तळहात समोर, अंगठा आत दुमडायचा, वरून चार बोटं मिटायची. कॅनडातल्या एका महिला फाउंडेशनने २०२० च्या लॉकडाउनमध्ये काढलेली, व्हिडिओ कॉलवर न बोलता दाखवता यावी म्हणून. खूण दिसली तर काय, हे शिकवणं जास्त महत्त्वाचं होतं: तिथल्या तिथे आरडाओरडा नाही, नंतर सुरक्षितपणे हो-नाही असे प्रश्न विचारायचे, लगेच धोका दिसत असेल तर पोलीस.

६ डिसेंबर

आजचा दिवस फक्त पुरुषांसाठी ठेवला होता. ६ डिसेंबर १९८९ ला कॅनडात मॉन्ट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एका माणसाने बायकांना वेगळं काढून गोळ्या घातल्या, १४ जणी गेल्या. त्यानंतर १९९१ मध्ये तिथल्या काही पुरुषांनी पांढऱ्या रिबनची मोहीम सुरू केली, स्वतः हिंसा करणार नाही, चालवून घेणार नाही, आणि गप्प राहणार नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर आम्ही दोन तास बोललो. तेवीस जण होते. शेजारून आवाज आला तर काय करायचं. दरवाजा वाजवून काहीतरी साधं मागायचं, घड्याळात किती वाजले विचारायचं, काहीही, म्हणजे तो क्षण तुटतो. एकट्याने नाही जमलं तर दुसऱ्याला घेऊन. धोका मोठा वाटला तर पोलिसांना फोन. आणि दुसऱ्या दिवशी ती एकटी असताना नुसतं, "काल आवाज ऐकला, तुम्ही बऱ्या आहात ना." हे सगळं बोलताना मला माझी भिंत आठवत होती. मी ते सगळ्यांसमोर सांगितलं, की मी ऐकलं होतं आणि टीव्हीचा आवाज वाढवला होता. माझ्यानंतर अजून चौघांनी सांगितलं.

१० डिसेंबर

सोळा दिवस संपले. डबे उघडले, मोजणी दोघांच्या सहीने. चालण्याच्या कबूल रकमेतल्या आणखी २४ आणि इतर २८, एकूण २०६ रात्री. ३६५ नाही झाल्या.

१५ डिसेंबर

चालण्याच्या कबूल रकमेतल्या राहिलेल्या ८ पण आल्या, २१४. आता प्रश्न असा की याचं काय करायचं. एक मत, जानेवारीपासून रोज पूर्ण रात्र चालू करू, तोवर पुढचे जमतील. ताई ठाम नाही म्हणाल्या. चालू झालेली लाइन ऑगस्टमध्ये बंद पडली तर ज्यांनी नंबर जपून ठेवलाय त्यांचं काय. मग वही काढली आणि वर्षभराच्या वेळा मांडल्या. जास्तीत जास्त मिस्ड कॉल दहा ते एकच्या मधले. म्हणून: रोज रात्री आठ ते दोन, वर्षभर, एकही दिवस न चुकता. अर्ध्या रात्रीचा अर्धा खर्च धरला तर १८२.५ रात्रींचे पैसे. उरतात ३१.५, त्यातून रात्री दोनला सोडायची गाडी आणि एखादीला तातडीने बाहेर काढायला लागणारी गाडी.

पण लोकांनी पैसे पूर्ण रात्रीसाठी दिले होते, त्यामुळे प्रत्येक देणगीदाराला कळवून परवानगी मागतोय. मला हे कंटाळवाणं वाटलं नाही, त्यांच्या पैशाचा आपण परस्पर अर्थ बदलू शकत नाही.

२८ डिसेंबर

सगळ्यांची उत्तरं आली. एकाने गाडीच्या खर्चाला नाही सांगितलं, त्यांच्या दोन रात्री फोनसाठीच वापरणार, तशी नोंद वेगळी केली. नवीन पट्ट्यांवर नंबराखाली आता वेळ पण आहे, ८ ते २. तीनपैकी एका नकार दिलेल्या ठिकाणी आज परवानगी मिळाली.

१ जानेवारी

रात्री आठ वाजता लाइन सुरू झाली. आम्ही कोणी तिथे गेलो नाही, जायचं नव्हतंच.

१९ जानेवारी

केंद्राकडून आम्हाला फक्त आकडे मिळतात, तेवढेच मिळायला हवेत. अठरा रात्री, रात्री आठ ते दोन मध्ये आलेले फोन ३१, उचललेले ३१. गाडी दोनदा लागली.

वहीत मिस्ड कॉलचं पान आता दोननंतरचं. या अठरा रात्रींत सात. त्यातले तीन पावणेचार ते सव्वाचारच्या मधले.

महिन्याला अर्धी रात्र देणारे अकराचे सोळा झालेत. दोन ते आठसाठीच्या पैशाची नोंद आजपासून वेगळ्या पानावर सुरू केली. वाचनालयाच्या तिसऱ्या दाराचा कागद पुन्हा संपलाय, उद्या सकाळी लावायचा.